अंगात वीज असलेला मुलगा आणि आपली मुलं

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नणंद पुण्याहून आमच्याकडे डिंभ्याला राहायला आली होती. येताना तिच्या मुलीने आमच्या थोरल्यासाठी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. थोरला आता नववीत जाईल. तो सेमी-इंग्रजीत शिकतो, पण अभ्यासाखेरीज इंग्रजी पुस्तक त्याने कधी हातात धरलं नव्हतं. यावेळी मात्र नवल घडलं. दुपारचं जेवण झालं की पुस्तक, अस्रची नमाज झाली की पुस्तक, रात्री लाइट गेली तर मोबाइलच्या उजेडात पुस्तक.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "त्या किताबीत आहे तरी काय एवढं?"

धाकटीने लगेच सांगून टाकलं, "दादी, त्यात एक मुलगा आहे. तो नुसता हात लावून माणसाला शॉक देतो!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "जादूटोण्याची किताब आपल्या घरात? काढून घे त्याच्याकडून."

मी पुस्तक काढून घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं. थोरला एक शब्द बोलला नाही. तसा तो कमीच बोलतो, कारण बोलताना अडखळतो. पण त्या रात्री तो जेवताना माझ्याकडे बघतही नव्हता. मला झोप लागेना. ज्या पुस्तकाचं एक पानही मी वाचलेलं नाही, ते वाईट आहे हे मी कशावरून ठरवलं? सकाळी पुस्तक खाली काढलं आणि त्याला म्हटलं, "आधी मी वाचते, मग ठरवू." शब्दकोश जवळ घेऊन ते वाचायला मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत जे कळलं, ते माझ्यासारख्या इतर आयांना सांगावं म्हणून हा लेख. पुस्तकातली काही गुपितं यात उघड होतील, त्याला इलाज नाही.

गोष्ट काय आहे

पुस्तकाचं नाव 'मायकेल वे : द प्रिझनर ऑफ सेल २५', म्हणजे पंचवीस नंबरच्या कोठडीतला कैदी. लेखक रिचर्ड पॉल इव्हान्स हे अमेरिकन आहेत. हे पुस्तक २०११ साली आलं आणि इतकं खपलं, की त्याचे पुढे अनेक भाग निघाले.

मायकेल हा चौदा वर्षांचा मुलगा. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका लहान शहरात आईबरोबर राहतो. वडील वारलेले. आई एका किराणा मॉलमध्ये कॅशियर. मायकेलला टुरेट सिंड्रोम आहे, त्यामुळे त्याचे डोळे आपोआप मिचकतात. शाळेतली दांडगी मुलं त्याला छळतात. पण त्याचं एक गुपित आहे. त्याच्या अंगात वीज आहे. मनात आणलं तर तो हाताने शॉक देऊ शकतो. आईने त्याला बजावून ठेवलंय, हे कुणाला कळता कामा नये.

पुढे कळतं की त्याच्या वर्गातल्या टेलर नावाच्या मुलीकडेही अशीच एक शक्ती आहे. ती समोरच्याच्या मेंदूचा क्षणभर गोंधळ उडवू शकते. दोघं एकाच हॉस्पिटलमध्ये जन्मलेले. तिथे एका नव्या यंत्रात बिघाड झाला, कित्येक बाळं दगावली आणि सतरा बाळं अशा शक्तीसह वाचली. ते यंत्र ज्यांचं, ती 'एल्जेन' नावाची मंडळी आता त्या सतरा मुलांना एकेक करून गोळा करताहेत. त्यांचा प्रमुख डॉ. हॅच. हॅच मायकेलच्या आईला पळवतो, टेलरलाही नेतो आणि मायकेल त्यांना सोडवायला निघतो. सोबत ऑस्टिन नावाचा त्याचा हुशार मित्र आहे, ज्याच्याकडे डोकं सोडलं तर कसलीच शक्ती नाही. आणि गाडी चालवायला कुणी मिळत नाही म्हणून, ज्यांनी त्याला छळलं त्यांच्यापैकीच दोघांची मदत घ्यावी लागते.

ही जादू आहे का?

पहिला प्रश्न सासूबाईंचा होता आणि तो टाळण्यासारखा नाही. आपल्या दीनमध्ये जादूटोणा हा मोठा गुन्हा आहे. सूरह बकरामध्ये हारूत-मारूतचा प्रसंग येतो. जादू शिकणाऱ्यांनी आपलंच नुकसान करून घेतलं, हे तिथे स्पष्ट आहे. म्हणून ज्या पुस्तकात मंत्र आहेत, कुणा अदृश्य ताकदीला हाक मारायची रीत आहे, घरी करून बघता येतील असे विधी आहेत, ते पुस्तक कोवळ्या वयात हातात देताना मी दहा वेळा विचार करीन. मराठीत नारायण धारपांच्या भयकथा आम्ही कॉलेजात चोरून वाचायचो. वाचताना मजा यायची, पण रात्री वजू करायला मोरीत जायचीही भीती वाटायची. त्या कथा तेरा वर्षांच्या मुलासाठी नाहीत, हे आजही माझं मत आहे.

मायकेलचं पुस्तक त्या जातीचं नाही. त्यात मंत्र नाही, ताईत नाही, गैबी ताकदीची आराधना नाही. शक्ती आली ती यंत्राच्या अपघाताने. विज्ञान म्हणून ते खरं नाही, पण ते जादूचं शिक्षणही नाही. ती निव्वळ कल्पना आहे.

आणि कल्पनेला आपल्याकडे मनाई कधी होती? सुनन अबू दाऊदमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची हकीकत आहे. वाऱ्याने पडदा हलला आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना कोनाड्यातल्या बाहुल्या दिसल्या. मधोमध एक घोडा होता आणि त्याला कापडाचे दोन पंख लावलेले होते. घोड्याला पंख कसे, असं त्यांनी विचारलं. त्यावर हजरत आयशांनी हजरत सुलेमान (अ.) यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला. प्रेषित (स.) मनापासून हसले. घोडा काढून फेकायला त्यांनी सांगितलं नाही. ही हकीकत मी सासूबाईंना सांगितली, तेव्हा त्याही हसल्या.

मग मी त्यांना विचारलं, "तुमच्या लहानपणी तुमचे अब्बा रात्री काय सांगायचे?" त्या म्हणाल्या, "हातिमताई. आणि अमीर हमजा." हातिमताईचे सात सवाल, बोलणारे पक्षी, पऱ्यांचे देश! अमीर हमजाच्या दास्तानमधला अमर अय्यार, ज्याच्या झोळीत अख्खी दुनिया मावते! हे सगळं आपल्याच घरांतलं. मराठीतही एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी आणल्या आणि त्या घरोघरी वाचल्या गेल्या. उडता गालिचा आणि दिव्यातला जिन्न चालतो, तर अंगात वीज असलेला मुलगा का चालू नये? गोष्ट म्हणून सांगितलेली गोष्ट मुलांना कळते. आपणच कधी कधी घाबरतो.

मग काळजी कशाची?

काळजी करण्यासारख्या गोष्टी पुस्तकात आहेत. त्या लपवण्यात अर्थ नाही.

पहिली, हिंसा. रक्ताचे वर्णन फारसे नाही, पण छळ आहे. हॅचची एक अकादमी आहे. तिथे काही माणसांना गळ्यात पट्टे घालून गुलामासारखं राबवतात. जी मुलं हॅचचं ऐकत नाहीत, त्यांना तळघरात कोंडतात. मायकेल पंचवीस नंबरच्या कोठडीत एकटा पडतो, ती पानं वाचताना मलाच गुदमरल्यासारखं झालं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे वाचू नये. आमच्या धाकटीला म्हणूनच हे पुस्तक अजून मिळालेलं नाही. पुढच्या भागांत गोष्ट पेरू देशात जाते आणि हिंसा वाढत जाते. पहिला भाग दिला म्हणजे सगळेच दिले, असं समजू नये. प्रत्येक भागाचा वेगळा विचार करावा.

दुसरी, मुलगा-मुलगी. मायकेलला टेलर आवडते. आकर्षण आहे, पण ते हळवं आणि साधं आहे, अश्लील काही नाही. टीव्हीवर रात्री आठ वाजता आपण सगळे मिळून जे बघतो, त्याहून हे पुष्कळ सोवळं आहे. तरी या वयात या विषयावर घरात एकदा बोलायला हवं. पुस्तक ते बोलणं सुरू करून देतं, हे मला बरंच वाटलं.

तिसरी, लपवाछपवी. मुलं मोठ्यांना न सांगता शेकडो मैल दूर निघून जातात. आई संकटात आहे, हे खरं. पण गोष्टीतल्या मुलांना मदत करायला एकही मोठा माणूस सापडत नाही, हे लेखकाने सोयीने केलंय. मी थोरल्याला तसं म्हटलं. तो हसून म्हणाला, "अम्मी, मोठे असते तर गोष्ट संपली असती." तेही बरोबरच.

चौथी काळजी त्याच्या अब्बांची. त्यांचं घोडेगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घोड नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या जळलेल्या पाणबुडी मोटारी त्यांच्याकडे येतात. त्यांनी माझ्याकडून गोष्ट ऐकली आणि एवढंच विचारलं, "हा मुलगा स्विचबोर्डला हात लावतो का?" मायकेलच्या अंगात वीज असल्यामुळे त्याला विजेची भीती नाही, असं कळल्यावर ते गंभीर झाले. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागायचं, तेव्हा त्याची नक्कल करताना मुलं जखमी झाल्याच्या बातम्या यायच्या, ते त्यांना आठवलं. मालिकेच्या शेवटी शक्तिमानलाच मुलांना समजवावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी ते थोरल्याला दुकानात घेऊन गेले. जळालेली वायंडिंग दाखवली. अर्थिंग नसलेल्या मोटारीची बॉडी कशी करंट मारते, ते समजावलं. घरातल्या वायरिंगमध्ये तीस मिलिअँपिअर एवढासा करंट गळला तरी सुरक्षेचा स्विच लाइन तोडतो, कारण माणसाचं काळीज त्याहून जास्त सोसत नाही, हेही सांगितलं. मग निसर्गात अंगात वीज असलेला खराखुरा प्राणी आहे, तो कोणता, ते बापलेकांनी मिळून शोधलं. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला विजेचा मासा, इलेक्ट्रिक ईल! त्याची एक जात ८६० व्होल्टपर्यंत झटका देते, असं २०१९ साली शास्त्रज्ञांनी मोजलं. त्याच्या शरीरात बॅटरीच्या सेलसारख्या हजारो पेशी ओळीने रचलेल्या असतात. अल्लाहची कुदरत कुठल्याही कादंबरीहून मोठी आहे, हे त्या दिवशी दुकानातच कळलं. आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा नाही, हा धडाही पक्का झाला.

ज्या पानावर मी थांबले

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. दांडगी मुलं मायकेलला शाळेतल्या लॉकरच्या कपाटात कोंबतात. हेडमास्तर त्याला बाहेर काढतात आणि शिक्षा करतात ती मायकेललाच.

मला ते पटेना. संध्याकाळी थोरल्याला विचारलं, "असं खरंच होतं का रे कुठे? ज्याला त्रास झाला त्यालाच शिक्षा?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग अडखळत म्हणाला, "होतं, अम्मी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. हजेरीच्या वेळी त्याला 'उपस्थित' म्हणायला वेळ लागतो, तेव्हा मागच्या बाकावरची तीन-चार मुलं त्याची नक्कल करतात. वर्षभर हे चाललं होतं. एकदा त्याने तक्रार केली, तेव्हा 'लक्ष देऊ नकोस' असं सांगून त्याचीच जागा बदलली. त्यानंतर त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. मलासुद्धा नाही. ज्या पुस्तकाला मी कपाटावर ठेवलं होतं, ते त्याला इतकं का आवडलं, हे मला तेव्हा समजलं. त्यातला मुलगा त्याच्यासारखा होता.

मायकेलच्या टुरेट सिंड्रोमबद्दलही इथे लिहायला हवं. हा मज्जासंस्थेचा विकार आहे. डोळे मिचकणं, मान किंवा खांदा उडणं, नकळत आवाज काढणं, हे त्यात होतं. बहुतेकदा तो शाळकरी वयातच दिसू लागतो. तो संसर्गाने होत नाही आणि मुलाने ठरवून थांबत नाही. फ्रेंच डॉक्टर जिल द ला टुरेट यांनी १८८५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. पुस्तकाच्या लेखकालाही स्वतःला हा विकार आहे. आपल्याकडे अशा मुलाला बघून 'असर झालाय' म्हणतात, ताईत बांधतात किंवा 'नाटक करतो' म्हणून मारतात. अशा मुलाला डॉक्टरकडे न्यावं, घरात त्याला चिडवू नये आणि चिडवू देऊ नये. तोतरेपणाचंही तसंच. बोलणं अडलं की त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, शांतपणे थांबायचं, हे आम्ही वाणी-उपचार करणाऱ्या बाईंकडून आता शिकतोय.

त्या रात्री मी थोरल्याला हजरत मूसा (अ.) यांची आठवण करून दिली. इतके मोठे पैगंबर, पण फिरऔनसमोर जाताना त्यांनी बोलण्यातली अडचण दूर व्हावी म्हणून दुआ मागितली आणि भावाला, हजरत हारून (अ.) यांना, सोबत मागितलं. सोबत मागण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा त्याचे अब्बा शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटले. एका भेटीत सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण आता आम्हाला माहीत आहे, हे त्याला माहीत आहे.

शक्ती कुणावर वापरायची?

पुस्तकाचा गाभा एका प्रसंगात आहे आणि माझ्या मते पुस्तक योग्य की अयोग्य, याचा निकाल तिथेच लागतो.

हॅच हा आरडाओरडा करणारा खलनायक नाही. तो सुशिक्षित आणि गोडबोल्या आहे. अकादमीत तो मुलांना उंची कपडे, महागड्या वस्तू, हवं ते खाणं देतो. त्यांना सांगतो, तुम्ही इतरांसारखे नाही, तुम्ही वरचे आहात, सामान्य माणसं तुमच्या उपयोगासाठी आहेत. मग थोडं थोडं करून त्यांच्याकडून दुसऱ्यांना इजा करून घेतो. बरीच मुलं भुलतात. मायकेलची निष्ठा तपासायला तो वेडला समोर आणतो. वेड म्हणजे मायकेलला शाळेत छळणाऱ्या मुलांपैकी एक. त्याला वीज देऊन मार, अशी आज्ञा होते. मायकेलची आई हॅचच्याच ताब्यात आहे. मायकेल नकार देतो आणि कोठडीत जातो.

मी थोरल्याला विचारलं, "तू असतास तर?" तो म्हणाला, "थ-थोडासा शॉक दिला असता." आम्ही दोघं हसलो. मग तो स्वतःच म्हणाला, "पण मग हॅच जिंकला असता."

हे वाक्य त्याला कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवलं नसतं. कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा बलवान नव्हे, तर रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा बलवान, ही हदीस आपण मुलांकडून पाठ करून घेतो. या प्रसंगात तीच हदीस एका चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगावर येऊन पडते. हजरत मूसा (अ.) यांच्या एका ठोशाने माणूस मेला आणि त्यांनी लगेच माफी मागितली, हे सूरह कससमध्ये आहे. शुक्रवारी आपण सूरह कहफ वाचतो. त्यातल्या जुलकरनैनकडे केवढी सत्ता होती! पण दुबळ्या लोकांनी याजूज-माजूजपासून वाचवायला मोबदला देऊ केला, तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. लोखंड आणि वितळलेल्या तांब्याची भिंत बांधून दिली आणि ही माझ्या रबची कृपा आहे, असं सांगितलं. शक्ती ही अमानत आहे, हे आपल्याला नवं नाही. पुस्तक दीनचं नाही, लेखकाचा धर्म वेगळा आहे, पण या एका बाबतीत ते मुलाला चुकीच्या बाजूला नेत नाही.

हॅचकडे आणखी एका कारणाने लक्ष द्यावं. आजच्या मुलांना असा माणूस मोबाइलवर भेटतो. आधी कौतुक, मग भेटी, मग 'तुझ्या घरच्यांना तू कळलाच नाहीस', मग गुपितं, मग एखादं छोटं वाईट काम. मुलींना फसवणारे आणि मुलांना गुन्ह्यात किंवा द्वेषात ओढणारे, सगळे हीच वाट धरतात. 'अनोळखी माणसाशी बोलू नको' एवढं सांगून भागत नाही, कारण हॅच अनोळखी वाटत नाही, आपला वाटतो. घरात आता 'हा हॅचसारखं बोलतोय' असं म्हटलं की मुलांना लगेच कळतं.

नायकाचं नाव मुसलमान असलं म्हणजे?

काही भगिनी म्हणतील, मग आपल्या मुलांना आपलेच नायक का देऊ नयेत? अवश्य द्यावेत. कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाइफ अल-मुतव्वा यांनी २००६ साली 'द ९९' ही चित्रकथा सुरू केली. अल्लाहच्या नावांतल्या गुणांवरून प्रेरणा घेतलेले तरुण नायक आणि बगदादच्या ग्रंथालयाचं ज्ञान साठवलेली रत्नं, अशी तिची कल्पना. जगभर कौतुक झालं, पण अल्लाहचे गुण माणसांना लावणं योग्य का, असा आक्षेपही आला आणि २०१४ मध्ये सौदीतल्या मोठ्या उलेमांनी तिच्याविरुद्ध फतवा दिला. त्याच वर्षी अमेरिकेत 'मिस मार्व्हल'ची नवी चित्रकथा सुरू झाली. तिची नायिका कमला खान, न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी घरातली मुलगी. लेखिका जी. विलो विल्सन स्वतः इस्लाम स्वीकारलेल्या. त्यात घर, मस्जिद, अम्मी-अब्बू सगळं ओळखीचं आहे. पण कमला घरच्यांना चुकवून रात्री पार्टीला जाते, तेही त्यात आहे.

म्हणजे नाव मुसलमान आहे म्हणून पुस्तक पास होत नाही आणि नाव मायकेल आहे म्हणून नापास होत नाही. दोन्हीकडे वाचूनच ठरवावं लागतं. ज्यांना अंगातल्या शक्तीचा प्रकारच नको वाटतो, त्यांच्यासाठी मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा सायकल आणि डोकं यांच्या जोरावर चोरांना पकडतो. धाकटीला सध्या तो दिलाय.

पुस्तक हातात देण्यापूर्वी

माझ्यासाठी मी पाच प्रश्न काढले आहेत. तुमच्याही उपयोगी पडावेत.

१. पुस्तकातली शक्ती कुठून येते? घरी करून बघावेत असे मंत्र-विधी त्यात आहेत का, की ती उघड कल्पना आहे?

२. नायक शक्ती कुणावर वापरतो? आणि वापरू शकत असूनही कुठे थांबतो? तो कुठेच थांबत नसेल, तर पुस्तक परत करावं.

३. वाईट माणसाचं वागणं लेखकाला आवडतं, की त्याचं खरं रूप तो दाखवतो?

४. आईवडील कसे दाखवलेत? मायकेलच्या पुस्तकात सगळी धावपळ आईसाठी आहे. तिच्या कष्टाची त्याला जाण आहे. मला हे फार आवडलं.

५. वाचून मूल कसं वागतंय? झोप उडाली का, नमाज आणि अभ्यास मागे पडला का, धाकट्यांवर हात उचलतंय का? की जास्त मोकळं बोलतंय? हे उत्तर पुस्तकात मिळत नाही, घरातच मिळतं.

या पुस्तकाबद्दल माझा निकाल असा: तेरा वर्षांच्या पुढच्या मुला-मुलींना पहिला भाग द्यायला हरकत नाही, पण अम्मी किंवा अब्बूंपैकी एकाने तो वाचलेला असावा. इंग्रजी जमत नसेल, तर मुलाकडूनच रोज थोडी थोडी गोष्ट ऐकावी. मूल जे सांगताना गडबडतं किंवा गाळतं, तिथेच विचारावं. भित्र्या मुलाला वर्षभर थांबवावं.

एका संध्याकाळी आम्ही सगळे धरणाकडे गेलो होतो. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतलं हे एक. जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या खुणा दिसतात. थोरल्याचे अब्बा त्याला सांगत होते, "हेच पाणी मोकळं सुटलं तर गावं वाहून जातील. भिंतीने अडवलं, मोजून सोडलं, म्हणून खाली वीज तयार होते आणि कालव्याने आंबेगाव-शिरूरची शेतं भिजतात."

घरी आल्यावर मगरीबनंतर सासूबाईंनी त्याला जवळ बसवलं. "चल, सांग बघू, त्या शॉकवाल्या पोराचं पुढे काय झालं?" तो सांगू लागला. मध्ये मध्ये शब्द अडत होते. सासूबाई थांबत होत्या. कुणीही त्याचा शब्द पुरा केला नाही. इशाची अजान झाली, तरी गोष्ट अर्धीच होती. "बाकीची उद्या," सासूबाई म्हणाल्या आणि वजूला उठल्या.